शेत विकून गेलेली बाई

अंगठा खोटं बोलत नाही. जीभ विकत घेता येते, सही गिरवता येते, पण अंगठ्याच्या रेषा म्हणजे विधात्याने स्वतःच्या हाताने केलेली नोंदणी, आणि त्या दप्तरात खाडाखोड होत नाही.

हे वाक्य माझं नाही. जळगावात ज्या वकिलांच्या हाताखाली मी उमेदवारी केली, त्यांचं आहे. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणत असू. मे महिन्यात जळगावचं डांबर चपलेला चिकटतं, त्या दिवसांतही साहेबांचा काळा कोट उतरत नसे, आणि हे वाक्य ते इतक्या सावकाश म्हणत की समोरचा पक्षकार, फी थोडी वाढली तरी चालेल, अशा चेहऱ्याने मान हलवी. एका खटल्यात त्यांनी ते भर कोर्टात म्हटलं आणि खरेदीखतावरचा अंगठा पुण्याला तज्ज्ञांकडे पाठवायला लावला. कित्येक महिन्यांनी उत्तर आलं: शाई जास्त झाल्याने ठसा फिसकटला आहे, तुलना करता येत नाही. विधात्याच्या दप्तराचं काम तिथेच आटोपलं.

त्या खटल्यातली बाई मात्र माझ्या मनातून गेलेली नाही. खरं तर बायका दोन होत्या. एकीला मी चांगला ओळखत होतो. दुसरीचं तोंड कुणीच पाहिलं नव्हतं, आणि मनातून गेली नाही ती ही दुसरी.

मी मूळचा धुळ्याचा. सनद घेऊन जळगावला आलो होतो, ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत. माझं काम म्हणजे साहेबांच्या मागून पुस्तकं वाहणं, तारखा घेणं, आणि पक्षकार रडायला लागला की त्याच्याजवळ बसणं, कारण रडणाऱ्या माणसापुढे साहेबांना संस्कृत आठवत नसे. ज्यांना मी ओळखत होतो त्या आक्का आल्या तेव्हाही मलाच बसवलं गेलं. पण त्या रडल्या नाहीत.

असोद्याच्या पुढच्या एका गावातून त्या एसटीने आल्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, कोपरापर्यंत उन्हाने रापलेल्या. नवरा वारून काही वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. नवऱ्यामागे विहिरीचं एक शेत त्यांच्या नावावर लागलं होतं. अर्ध्यात केळी, अर्ध्यात कापूस. ते शेत त्या स्वतः करत. आणि आता तलाठ्याची नोटीस आली होती की हे शेत तुम्ही जळगावच्या एका केळीच्या व्यापाऱ्याला विकलं आहे, हरकत असल्यास कळवा.

"मी विकलं नही," आक्का म्हणाल्या.

"मग सोपं आहे," मी म्हणालो. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी सोप्या वाटत.

"सोपं कसं? गाव म्हनतं, आम्ही पाह्यलं तुले. जीपमधी बसून गेली म्हने मी. पेढे वाटले म्हने."

गावाने खरोखर पाहिलं होतं. खरेदीच्या दिवशी सकाळी फाट्यावर एक जीप थांबली होती. आक्का नेसत तसलंच गडद नऊवारी नेसलेली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेली एक बाई मागे बसलेली होती, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आक्कांचे जेठ. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. गाव त्यांना आबा म्हणे. आबा पुढे आणि पदर ओढलेली बाई मागे, म्हणजे ती आबांची धाकटी भावजय, हा हिशोब गावाने आपोआप केला. त्यात गावाचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. आमच्या भागात त्या काळी सासऱ्यासमोर आणि जेठासमोर सुनेने तोंड दाखवायचं नसे, बोलायचं नसे, आणि जेठानेही तिच्याकडे मान वर करून पाहायचं नसे. एकाच घरात पोरं वाढत, म्हातारे मरत, आणि या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसे. आक्का आबांचा उल्लेखही नुसता "ते" असा करत.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"वावरात. कापूस येचत व्हती."

"सोबत कोण होतं?"

"कोनी नही."

म्हणजे नोंदणीच्या कचेरीत ज्या वेळी त्यांचं शेत विकलं जात होतं, त्या वेळी त्या त्याच शेतात कापूस वेचत होत्या, आणि याला साक्षीदार फक्त कापूस होता.

साहेबांनी फिर्याद घेतली ती मोठ्या उत्साहाने. मला समोर बसवून ते समजावू लागले. दुसऱ्याची जमीन एखाद्याने स्वतःच्या नावाने, "ही माझीच" असं सांगून विकली, तर ती घेणाऱ्याची फसवणूक. दस्त त्याचाच, सही त्याचीच, फक्त बोलणं खोटं. पण एखादी बाई "मी तीच" म्हणून दुसरीच्या नावाने अंगठा उठवते, तेव्हा दस्तच बनावट होतो. तिथे तोतयेगिरी आली, बनावट दस्ताचं कलम आलं, नोंदणी कायद्याखाली खोटी ओळख देणारा आला, आणि शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत जाते. "पहिल्या प्रकारात जमीन चोरतात," साहेब म्हणाले, "दुसऱ्यात माणूस." हे मात्र ते चांगलं बोलले. कलम जन्मठेपेपर्यंत जात असलं तरी ज्यांच्यापुढे खटला चालणार होता त्या मॅजिस्ट्रेटना तीन वर्षांपुढे जायचा अधिकार नव्हता, हे मी नंतर पुस्तकात पाहिलं.

डाव साधाच होता, आणि त्यातच त्याची भीती होती. खरेदी लिहून देणाऱ्याला कचेरीतला अधिकारी ओळखत नसतो, ओळखावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. दोन माणसं पुढे येऊन सांगतात, हीच ती; त्यावर सरकारचं समाधान होतं. इथे एक माणूस व्यापाऱ्याचा होता आणि दुसरे स्वतः आबा. सख्खा जेठ ओळख देतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? आणि सख्खा जेठ समोर उभा आहे म्हटल्यावर त्या बाईला, जरा पदर वर कर, असं म्हणणार तरी कोण? ज्याच्या शब्दावर ती ओळखली गेली, त्याच्याच मुळे तिचं तोंड झाकलेलं राहिलं.

पोलिसांनी ती बाई शोधली. म्हणजे शोधली असं कागदावर आहे. कुणी म्हणे ती पारोळ्याकडची, कुणी म्हणे पिंपळनेरहून आणलेली. तपासावरचा एक हवालदार आमच्या धुळ्याकडचा होता. तो मला कोर्टाच्या व्हरांड्यात, सगळ्याला बठ्ठा म्हणणाऱ्या आमच्या अहिराणीत, म्हणाला, "भाऊ, बठ्ठा गावनी देखी ती. पन तोंड कोनी नही देखं. आते मी काय लुगडाले अटक करू?"

आबांचं म्हणणं आक्कांच्या साक्षीपर्यंत एकच राहिलं: आलेली बाई माझी भावजयच होती, राजीखुशीने आली, पैसे घेतले, आता कुणीतरी फितवलं म्हणून नाही म्हणते. व्यापाऱ्याचंही तेच. आणि दस्त नोंदणीकृत आहे म्हणून तलाठ्याकडचा फेरफारही मंजूर होऊन गेला. सातबाऱ्यावरून आक्कांचं नाव कमी झालं. शेतात त्या अजून जात, पण व्यापाऱ्याची माणसं येऊन बांधावर बसू लागली होती.

खटला रेंगाळला. दर तारखेला आक्का येत, आणि साहेब आत असले की माझ्याशी बोलत बसत. सुरुवातीला त्या शेताबद्दल बोलत. मग हळूहळू तिच्याबद्दल.

"गिरणीवर गेली त मानसं इचारतात, पैशाचं काय केलं. मी म्हनते, नही घेतले. ते हासतात." मग म्हणाल्या, "ती चालत कशी असंन हो? माह्यासारखी?"

"मला काय माहीत, आक्का."

"मानसं म्हनतात, चालनं तुहंच व्हतं."

एकदा त्या पारोळ्याला कुणाच्या लग्नाला गेल्या होत्या. बाजारातून जाताना पुढे एक बाई दिसली. पाठमोरी. तसलंच लुगडं, तसाच पदर. आक्का लग्नघर सोडून तिच्या मागे निघाल्या. भाजीच्या ओळीतून, किल्ल्याच्या अंगाने, पार गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत. तिथे ती बाई हातपंपावर वाकली आणि पदर सरकला. "माह्यापेक्षा लहान व्हती. तिनं मले इचारलं, काय पाहिजे माय? मी म्हनली, पानी." आक्का मला हे सांगताना स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. "पानी पेली अन् आली."

त्यांनी फाट्यावर जाऊन एसटी धरणंही सोडलं. मागच्या वाटेने चालत पुढच्या गावी जात आणि तिथून बसत. का, विचारलं तर म्हणाल्या, फाट्यावर उभं राहिलं की वाटतं, आता ती येईल आणि मग लोक कुणाला खरी म्हणतील. 

एका दुपारी व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "वकीलसाहेब, मी गेली त नसंन तिथं?"

"काय बोलताय, आक्का?"

"ताप व्हता त्या दिसांत मले. कापूस येचला हे आठवते. पन एकलीच व्हती ना मी. आन बठं गाव कसं खोटं बोलंन?"

मी त्यांना बरंच काही सांगितलं. त्यातलं एकही वाक्य आठवत नाही, त्यावरून ते किती उपयोगाचं होतं हे कळतं. घरी जाताना मात्र मीच रस्त्यावरच्या बायकांकडे पाहत गेलो. जळगावात पदर ओढलेल्या बायका किती आहेत हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं. भाड्याच्या खोलीत येऊन दिवा लावला आणि बराच वेळ दार लावायचं सुचलं नाही.

शेवटी आक्कांची साक्ष निघाली. कोर्ट गच्च भरलं होतं. गावातून माणसं आली होती. आबा व्यापारी आणि त्याच्या माणसाशेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते, पांढरंशुभ्र धोतर, टोपी, कपाळावर गंध. आक्का साक्षीच्या पिंजऱ्यात आल्या त्या हनुवटीपर्यंत पदर ओढून.

"बाई, तोंड उघडं करा," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "साक्ष कोण देतंय ते कळायला हवं."

आक्का हलल्या नाहीत. मॅजिस्ट्रेटनी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तेवढ्यात आबांनी पिंजऱ्यात पाठ फिरवली आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या बाकांवर समाधानाची कुजबुज झाली. भावजयीचं शेत लाटल्याच्या आरोपाखाली उभा असलेला माणूस भावजयीची मर्यादा राखत होता, आणि ते पाहून निम्मं कोर्ट त्याच्या बाजूला झुकलं. आक्कांनी पदर वर केला.

बचावाचे वकील आमच्या साहेबांच्याच तोडीचे होते, म्हणजे एक प्रश्न विचारायला ते तीन वाक्यं घेत. उलटतपासात त्यांनी एक मोठा फोटो काढला. व्यापाऱ्याने खरेदीच्या आनंदात कचेरीसमोरच्या फोटोवाल्याला बोलावून काढून घेतलेला. वाढवून घेतलेला, चांगल्या पुठ्ठ्यावर. ओट्यावर मध्ये व्यापारी, हातात पेढ्यांचा पुडा. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला ती. आम्ही तो पहिल्यांदाच पाहत होतो. साहेब पुढे वाकले, मीही वाकलो. सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहिलं आणि तिथे काही नव्हतं, फक्त कापड. दोन वर्षं जिला गाव, पोलीस आणि कोर्ट शोधत होतं ती ओट्यावर निवांत उभी होती.

"या फोटोतली बाई तूच आहेस," बचावाचे वकील म्हणाले. "तुझे जेठ शेजारी आहेत म्हणून तू पदर घेतला आहेस. आत्ता घेतला होतास, तसाच. बरोबर?"

आक्कांनी फोटो हातात घेतला. त्यांचं वकिलाकडे लक्षच नव्हतं. एवढे दिवस जिच्या मागे त्या फिरत होत्या ती पहिल्यांदा समोर आली होती. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आपण नव्या सुनेला पाहतो तसं. आणि पुटपुटल्या, "आता माय. ही त सवाशीन हाये."

"मोठ्याने बोला," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"हिच्या पायात जोडवे हायेत, साहेब."

फोटो मॅजिस्ट्रेटकडे गेला. त्यांनी चष्मा काढून तो डोळ्यांजवळ धरला. ओट्यावर चढताना सगळ्यांनी चपला काढलेल्या होत्या. लुगड्याखाली दोन अनवाणी पाय, आणि दोन्ही पायांच्या बोटांत चांदीची जोडवी. स्वच्छ दिसत होती.

मला त्या बाईबद्दल जे काही माहीत आहे ते एवढंच. तिने दुसरीचं नाव घेतलं, दुसरीसारखं लुगडं नेसलं, मंगळसूत्र पदराखाली दडवलं, बांगड्या उतरवल्या किंवा हात झाकून घेतले, विधवेच्या नावाने अंगठा दिला. जन्मठेपेपर्यंत जाणारा गुन्हा करायला ती तयार होती. पण नवरा जिवंत असताना पायातली जोडवी काढायला ती तयार नव्हती. कदाचित तिला कुणी काढ म्हणालंही असेल. ती म्हणाली असेल, ते मात्र नाही.

बचावाच्या वकिलांनी सुचवून पाहिलं की तू त्या दिवशी जोडवी घातली असशील. सुचवून होईपर्यंत त्यांनाच ते पटेनासं झालं. मागच्या बाकावर गावातल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "या वकिलाची बायको घालंन त्याच्यामागं," आणि पट्टेवाल्याने तिला गप्प केलं.

पण याने फक्त एवढंच ठरलं की आलेली बाई आक्का नव्हती. आबा फसले असतील, हे अजून शिल्लक होतं. बचावाने ताबडतोब तो रस्ता धरला. जेठाने भावजयीचं तोंड कधी पाहिलेलंच नाही. कुणीतरी भलतीच आणून उभी केली. साधाभोळा माणूस तिला भावजय समजला. खोटी ओळख देणं हा गुन्हा होतो तो जाणूनबुजून दिली तर. सगळं कायद्याला धरून होतं. साहेबांचाही चेहरा उतरला.

पुरावा संपल्यावर मॅजिस्ट्रेट आरोपीलाच प्रश्न विचारतात, त्याला शपथ नसते. आबा ताठ उभे राहिले.

"फोटोतल्या बाईच्या पायात जोडवी आहेत. याबद्दल काय सांगायचं आहे?"

"मी तिच्याकडं पाह्यलं नही, साहेब. भावाची बायको. ती घरात आली तवापासून मी मान वर करून तिच्याकडं एकदा पाह्यलं नही. बठ्या गावाले इचारा." मला वाटतं, ते खरं बोलत होते.

"कधीच नाही?"

"कधीच नही. माही मान खाली."

मॅजिस्ट्रेट लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांनी फोटोकडे पाहिलं, आणि मग वर न बघताच विचारलं, "खाली काय दिसतं, आबा?"

 आबांनी तोंड उघडलं, मिटलं. त्यांनी मान खाली घातली. बहुधा सवयीने. उत्तराच्या जागी काय लिहावं असं कारकुनाने विचारलं, तेव्हा मॅजिस्ट्रेट म्हणाले, लिहा, आरोपी गप्प.

आक्का दाराशी बसल्या होत्या. त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला होता. निघताना मी विचारलं, आता बरं वाटतंय ना. त्या म्हणाल्या, "तिचा मालक जित्ता हाये म्हनजे." एवढंच. पुढच्या तारखेपासून त्या फाट्यावरून एसटीने येऊ लागल्या.

ती बाई सापडली नाही. धुळ्याला जाताना पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबते, आणि पदर ओढून बसलेली कुणी दिसली की माझी नजर अजून आधी पायांकडे जाते. एखाद्या अनोळखी बाईच्या पायांकडे पाहणारा वकील कसा दिसत असेल याची मला कल्पना आहे, म्हणून मी लगेच पेपर उघडतो.

आबांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ती बाई आक्का नव्हती हे व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसाला माहीत होतं असं सिद्ध झालं नाही, ते सुटले. निकालाच्या दिवशी साहेबांनी व्हरांड्यात एक छोटं भाषण केलं, सत्य, न्याय आणि विधाता यांवर. अंगठ्याचा विषय त्यात नव्हता. भाषण संपल्यावर आक्कांनी विचारलं, "मंग आता शेत माह्या नावावर झालं ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रडणाऱ्या पक्षकाराजवळ बसायचं काम माझं होतं. याही वेळी आक्का रडल्या नाहीत. मी त्यांना सांगितलं की फौजदारी कोर्ट माणसाला शिक्षा करतं, दस्त रद्द करत नाही. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. तो आम्ही लावला.

आबा शिक्षा भोगून गावी परत आले तेव्हा दावा साक्षीपुराव्यापर्यंत आला नव्हता, आणि सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचं नाव होतं.